मोडीचा ‘अ’ आणि हसरा चेहरा

जगभरच्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडी लिपीतल्या ‘अ’चा क्रमांक आहे यू+११६००. दात दाखवून हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याचा क्रमांक यू+१एफ६००. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत मोडीचा ‘अ’ साठवायला एफ० ९१ ९८ ८० हे चार बाइट लागतात आणि हसऱ्या चेहऱ्याला एफ० ९एफ ९८ ८०. फरक फक्त दुसऱ्या बाइटात. पेशव्यांच्या दफ्तरातली लिपी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं हसू संगणकाच्या दृष्टीनं असे एकमेकांचे शेजारी आहेत, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसनं बरीच वर्षं दोघांनाही एकाच दारावरून परत पाठवलं.

त्या दारावर पाटी होती ‘यूटीएफ८’. पाटी खोटी होती असं म्हणणं थोडं कडक होईल, पण अपुरी नक्कीच होती. खरं यूटीएफ-८ एका वर्णासाठी एक ते चार बाइट वापरतं. नोव्हेंबर २००३ च्या आरएफसी ३६२९ या इंटरनेट-मानकानं ही मर्यादा पक्की केली. मायएसक्यूएल ४.१ मध्ये आलेलं ‘यूटीएफ८’ मात्र तिसऱ्या बाइटापाशी थांबतं. तीन बाइटांत युनिकोडच्या पहिल्या पटलावरच्या ६५,५३६ जागा मावतात. पण या पटलाबाहेर वर्ण नेमायला युनिकोडनं २००१ मध्येच, ३.१ या आवृत्तीपासून, सुरुवात केली होती. ४.१ वापरासाठी पक्की झाली ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे पाटी लागली तेव्हाच आतली जागा कमी पडत होती. दुरुस्ती २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आली, तीही जुनं नाव तसंच ठेवून, बाजूला ‘यूटीएफ८एमबी४’ असं नवं नाव देऊन. ‘एमबी४’ म्हणजे एका वर्णाला जास्तीत जास्त चार बाइट. जुन्या नावाचा अर्थ बदलला असता तर आधीच्या टेबलांचा आणि इंडेक्सांचा (शोध जलद करणाऱ्या सूचींचा) हिशेब कोलमडला असता, हे मान्य. तरी ‘यूटीएफ८ निवडा’ एवढाच सल्ला वाचून पुढं गेलेल्या माणसाचा यात काय दोष, हा प्रश्न उरतोच.

आपण मराठी लिहिणारे या खड्ड्यात जरा जास्तच निश्चिंतपणे पडलो, आणि त्याला कारण देवनागरीच आहे. देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ. त्यातला प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार, हलन्ताचं चिन्ह बरोबर तीन बाइट घेतं. ‘नमस्कार’ म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात संकेत, एकवीस बाइट. सगळे जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये मावतात. त्यामुळे टेबल केलं, ‘मराठी’ लिहून पाहिलं, नीट दिसलं, झालं काम! इंग्रजी लिहिणाऱ्याला निदान अशी शंका तरी येते की आपण एकाच बाइटाची परीक्षा घेतली. ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ उमटलेले पाहिल्यावर आपल्याला तीही येत नाही.

त्यात लाल हृदय आणखी फसवतं. ते जुनं चिन्ह आहे, यू+२७६४, पहिल्या पटलावरचं, तीन बाइटांचं. चाचणी करणाऱ्यानं इमोजी म्हणून नेमकं तेच टाकलं तर ते सुखरूप साठतं आणि ‘इमोजी चालतात’ असा शेरा पडतो. हात जोडलेली इमोजी मात्र यू+१एफ६४एफ, म्हणजे एफ० ९एफ ९९ ८एफ. ती आली की गाडं अडतं.

अडण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यातला वाईट कोणता हे ओळखून ठेवायला हवं. सर्व्हर कडक मोडमध्ये असेल (५.७ पासून मुळात तसाच असतो) तर चूक क्रमांक १३६६ येते, ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’, पुढं एफ० ९एफ असे बाइट, आणि ओळ साठत नाही. हा बरा प्रकार. निदान बोंब तरी होते. मोड सैल असेल तर मायएसक्यूएल इमोजीच्या आधीचा मजकूर ठेवतं, इमोजी आणि त्यानंतरचं सगळं टाकून देतं आणि फक्त एक इशारा नोंदवतं, जो सहसा कोणी वाचत नाही. ‘उद्याचं जेवण नक्की’, मग हसरा चेहरा, मग ‘पण आमच्याकडे नाही, तुमच्याकडे’ असा निरोप टाकला तर साठतं फक्त ‘उद्याचं जेवण नक्की’. वाक्य पूर्ण वाटतं, त्यामुळे काही हरवलंय हे कळतही नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी पाहावं ते साठलेल्या बाइटांकडे. पडद्यावर काय दिसतं यावर विश्वास ठेवू नये, कारण पडदा आणि टेबल यांच्यामध्ये सर्व्हरशी बोलणारी जोडणी असते आणि तीही रूपांतर करते. आज्ञा साधी आहे: सिलेक्ट हेक्स(मजकूर) फ्रॉम प्रतिसाद. (‘प्रतिसाद’ हे टेबल, ‘मजकूर’ हा त्यातला स्तंभ आणि हेक्स म्हणजे बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणं. आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर रोमनमध्ये टंकायच्या.) उत्तरात एफ०९एफ९९८एफ दिसलं आणि पडद्यावर मात्र प्रश्नचिन्ह असेल, तर माल शाबूत आहे, वाचणारी जोडणी तीन बाइटांची आहे. उत्तरातच ३एफ दिसलं तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे. लिहितानाच वर्ण गेला आणि तो आता परत येणार नाही. आणि सी३बी०सी५बी८ अशी सुरुवात दिसली तर दुहेरी संकेतन झालंय: यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचं एकबाइटी संकेतन) समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये गुंडाळलेत. मराठी मजकुराचं असं झालं की सी३ए०सी२ए४ ही जोडी पुन्हापुन्हा येते आणि पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग लागते. जुनी मराठी संकेतस्थळं पाहिलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे.

ती रांग येते कुठून? ५.७ पर्यंत मायएसक्यूएलचं मूळ संकेतन लॅटिन१ आणि मूळ कोलेशन (वर्ण ताडण्याचे आणि क्रम लावण्याचे नियम) लॅटिन१_स्वीडिश_सीआय होतं. कंपनी स्वीडनची, म्हणून वर्णक्रमही तिथला. काहीच न ठरवता केलेल्या टेबलात मराठी भरली गेली ती अशी. लिहिणारी आणि वाचणारी जोडणी दोन्ही सारख्याच चुकीच्या असल्या तर सगळं ठीक दिसतंही, आणि कोणी एक बाजू सुधारली की दुसरी उघडी पडते.

इथं एक धोका स्पष्ट सांगायला हवा. स्तंभ लॅटिन१ असेल पण आतले बाइट यूटीएफ-८ चे असतील, तर थेट ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ चालवू नये. मायएसक्यूएल त्या बाइटांना प्रामाणिकपणे लॅटिन अक्षरं समजून रूपांतर करतं आणि दुहेरी गुंता तयार होतो. आधी स्तंभ ब्लॉब किंवा व्हारबायनरी करायचा, म्हणजे संकेतनाचं लेबल निघतं आणि बाइट तसेच राहतात; मग तोच स्तंभ टेक्स्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करायचा. गुंता आधीच झाला असेल तर सोडवायची ओळ अशी: कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(मजकूर यूझिंग लॅटिन१) अ‍ॅज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४). ती आधी सिलेक्टमध्ये चालवून दहावीस ओळी डोळ्यांनी वाचाव्यात, मगच अपडेट करावं, कारण एकाच टेबलात निम्म्या ओळी बिघडलेल्या आणि निम्म्या चांगल्या असणं अगदी नेहमीचं आहे. चांगल्या ओळीवर हीच ओळ चालवली तर ती बिघडते.

आता साधं प्रकरण: मजकूर चांगला आहे, फक्त तीन बाइटांचा डबा चार बाइटांचा करायचाय. पहिली पायरी बॅकअप, आणि पहिला सापळाही तिथंच. बॅकअप घेणारं मायएसक्यूएलडम्प ५.७ पर्यंत मुळात तीन बाइटांच्या ‘यूटीएफ८’नंच जोडतं. म्हणजे काही स्तंभ आधीच यूटीएफ८एमबी४ असतील तर त्यांतले इमोजी बॅकअपमध्ये प्रश्नचिन्ह होऊन उतरतात, आणि ते कळतं बॅकअप परत लावायची वेळ आल्यावर. डम्प घेताना डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ हा पर्याय द्यायचाच.

मग आल्टर डेटाबेस आणि आल्टर टेबल. या दोघांबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. आल्टर डेटाबेसनं फक्त यापुढं होणाऱ्या टेबलांचं मूळ संकेतन बदलतं. आल्टर टेबल … डीफॉल्ट कॅरेक्टर सेट यानं फक्त यापुढं जोडल्या जाणाऱ्या स्तंभांचं. आहे तो सगळा मजकूर एकदम बदलतो तो या आज्ञेनं: आल्टर टेबल प्रतिसाद कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट आणि पुढं कोलेशनचं नाव. ही आज्ञा पूर्ण टेबल नव्यानं लिहिते. ती चालू असताना वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि डिस्कवर साधारण टेबलाएवढीच मोकळी जागा आणखी लागते. काही लाख ओळींचं टेबल रात्री उरकता येतं. त्याहून मोठ्या टेबलासाठी पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज किंवा जीएच-ओस्ट ही साधनं वापरावीत. ती सावली टेबल तयार करून हळूहळू भरतात आणि शेवटी नावांची अदलाबदल करतात.

ही आज्ञा सरसकट आहे हे विसरू नये. टेबलातल्या प्रत्येक मजकूर-स्तंभाचं कोलेशन ती बदलते. टोकन किंवा फाइलनावासाठी मुद्दाम बायनरी कोलेशन ठेवलेला स्तंभही त्यात जातो आणि लहान-मोठी रोमन अक्षरं एकदम समान ठरू लागतात. टेक्स्ट स्तंभाचा मीडियमटेक्स्टही होऊ शकतो: टेक्स्टची मर्यादा ६५,५३५ बाइटांची असते आणि जुन्या डब्यात जेवढे वर्ण मावत होते तेवढे नव्यातही मावावेत म्हणून मायएसक्यूएल स्वतःहून मोठा प्रकार निवडतं. ज्या टेबलात असे खास स्तंभ आहेत तिथं एकेका स्तंभाला मॉडिफाय करणं कंटाळवाणं पण सुरक्षित. हॅशसारखे स्तंभ एएससीआयआयच राहू द्यावेत. त्यांना इमोजी कोणी पाठवत नाही.

५.६ किंवा त्याआधीच्या सर्व्हरवर यानंतर १०७१ (इंडेक्स फार लांब) ही चूक बहुतेक ठरलेली. इंडेक्समधल्या एका स्तंभाला तिथं मुळात ७६७ बाइटांची मर्यादा होती. व्हारचार(२५५), म्हणजे २५५ वर्णांपर्यंतचा स्तंभ, गुणिले तीन म्हणजे ७६५, जेमतेम आत. गुणिले चार म्हणजे १०२०, बाहेर. वर्डप्रेसच्या टेबलांत १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो इथूनच: १९१ चोक ७६४. (वर्डप्रेसनं यूटीएफ८एमबी४ कडे स्थलांतर एप्रिल २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत केलं.) ५.७ पासून इनोडीबीची (मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनाची) ओळ-रचना मुळात डायनॅमिक असते आणि मर्यादा ३०७२ बाइट. पण जुन्या सर्व्हरवरून आलेलं टेबल कॉम्पॅक्ट रचनेतच राहिलेलं असू शकतं; त्याला आल्टर टेबल … रो_फॉरमॅट=डायनॅमिक सांगावं लागतं. नवीन सर्व्हरवर अजूनही १९१ लिहिणारे लोक आहेत. त्यात पाप नाही, गरजही नाही.

फॉरेन कीनं (दोन टेबलांतले स्तंभ एकमेकांना बांधणाऱ्या कडीनं) जोडलेल्या मजकूर-स्तंभांचं संकेतन आणि कोलेशन दोन्हीकडे एकच असावं लागतं, म्हणून एक टेबल आज आणि दुसरं पुढच्या आठवड्यात असं चालत नाही. फॉरेन_की_चेक्स शून्य करून दोन्ही बदलायची आणि पुन्हा एक करायचं. अर्धी टेबलं नव्या आणि अर्धी जुन्या संकेतनात राहिली तर जॉइन चालतो, पण इंडेक्स वापरला जाईलच असं नाही आणि कालपर्यंत क्षणात येणारं उत्तर आज रेंगाळतं. काय राहिलं हे शोधायला इन्फर्मेशन_स्कीमाच्या कॉलम्स टेबलात कॅरेक्टर_सेट_नेम आणि कोलेशन_नेम पाहावं. स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवरच साठवलेल्या आज्ञांच्या मालिका) मात्र त्यात सापडत नाहीत. त्यांचे पॅरामीटर निर्मितीच्या वेळचं संकेतन धरून बसतात. त्या पाडून पुन्हा बांधाव्या लागतात.

एवढं करूनही इमोजी प्रश्नचिन्ह होऊनच दिसत असेल तर राहिली जोडणी. सर्व्हर, टेबल आणि स्तंभ चार बाइटांचे झाले तरी अ‍ॅप्लिकेशन ‘मी यूटीएफ८ बोलतो’ असं सांगत असेल, तर सर्व्हर त्याच्याशी तीन बाइटांतच बोलतो. सेट नेम्स यूटीएफ८एमबी४ ही त्यावरची आज्ञा, पण ती हातानं देण्यापेक्षा ड्रायव्हरलाच सांगावं. पीएचपीच्या पीडीओमध्ये डीएसएनच्या (जोडणीचा पत्ता देणाऱ्या) ओळीत कॅरसेट लिहावा, पायथनच्या पायमायएसक्यूएलमध्ये कॅरसेट हा पॅरामीटर द्यावा. जावाच्या जुन्या कनेक्टरांत नाव यूटीएफ-८ आणि अर्थ तीन बाइटांचा असा घोळ होता, ५.१.४७ पासून तो सुटला. सर्व्हरच्या मायडॉटसीएनएफमध्ये मायएसक्यूएलडी विभागात कॅरेक्टर-सेट-सर्व्हर आणि कोलेशन-सर्व्हर, क्लायंट विभागात डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट लिहावं. जोडणी होताच चालणाऱ्या इनिट_कनेक्टमध्ये सेट नेम्स टाकण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण सुपर अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी ते चालतच नाही. म्हणजे प्रशासकाला एक दिसतं आणि अ‍ॅप्लिकेशनला दुसरं.

८.० मध्ये, २०१८ पासून, यूटीएफ८एमबी४ हेच मूळ संकेतन झालं, त्यामुळे नवीन कामात वरची बरीच कटकट नाही. तिथं प्रश्न उरतो कोलेशनचा, म्हणजे कोणता वर्ण कोणासमान मानायचा याचा. आणि मराठी माणसानं जास्त वेळ द्यावा तो इथं.

जुनी यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय आणि यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय ही कोलेशनं पहिल्या पटलाबाहेरच्या प्रत्येक वर्णाला एकच वजन देतात. साठवताना सगळे वेगळे, तुलना करताना सगळे एक. जपानी प्रोग्रामरांनी याला ‘सुशी-बिअर प्रश्न’ असं नाव दिलं, कारण सुशीची इमोजी शोधली की बिअरही सापडते. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की शोकसंदेशाखालच्या प्रतिक्रियांची ग्रुप बाय करून मोजणी केली तर रडणारा चेहरा आणि खदखदून हसणारा चेहरा एकाच रांगेत मोजले जातात. प्रतिक्रिया आणि वापरकर्ता यांच्यावर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारा) असेल तर दुसरी इमोजी ‘आधीच आहे’ म्हणून परत जाते. मोडीत लिहिलेले, सारख्याच लांबीचे कोणतेही दोन शब्दही तिथं समान.

८.० चं यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय सुशी आणि बिअर वेगळी ओळखतं. पण त्यातलं ‘एआय’ म्हणजे उच्चारचिन्हांकडे दुर्लक्ष, आणि देवनागरीतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, या दुर्लक्षात येतो. गंमत अशी की युनिकोडच्या लेखी ‘ऱ’ म्हणजे र अधिक नुक्ता. म्हणजे या कोलेशनमध्ये ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच! डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं काय आणि ‘आचार्यांना’ बोलावलं काय, डेटाबेसला सारखंच. शब्दांच्या स्तंभावर युनिक इंडेक्स असेल तर स्थलांतराच्या मध्यावर १०६२, ‘डुप्लिकेट एंट्री’, येते आणि जुनं कोलेशन दोन्ही शब्द कसे घेत होतं ते कळत नाही. ते घेत होतं कारण जनरल_सीआय देवनागरीच्या बाबतीत संकेतांक जसेच्या तसे ताडून पाहतं.

एआयऐवजी एएस_सीएस (उच्चारचिन्हं आणि लहान-मोठी अक्षरं वेगळी मानणारं) निवडलं तर ‘ऱ’ वेगळा होतो, पण तेवढ्यानं भागत नाही. अर्धा रफार लिहिण्याची दुसरीही रीत आहे: र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग य. हा जोडक यू+२००डी. तो तुलनेत कुठल्याच पातळीवर मोजला जात नाही, म्हणून या रीतीनं लिहिलेला ‘दर्‍या’ तिथंही ‘दर्या’च ठरतो. शब्दकोश, नावांची यादी, आडनावं असा स्तंभ असेल तर माझं मत सरळ आहे: साठवण्याआधी दोन्ही रीतींचं एकच रूप करावं, युनिक इंडेक्स यूटीएफ८एमबी४_बिनवर ठेवावा आणि शोधताना लागेल तिथं कोलेट लिहून सैल तुलना मागावी. साध्या प्रतिसादांसाठी ०९००_एआय_सीआय पुरेसं आहे. आणि ०९०० घराण्यात शब्दाच्या शेवटची मोकळी जागा मोजली जाते, जुन्यांत मोजली जात नव्हती. म्हणून ट्रिम आधी करून घ्यावं. हेच डम्प मारियाडीबीच्या (मायएसक्यूएलमधूनच फुटलेल्या डेटाबेसच्या) जुन्या सर्व्हरवर नेलं तर १२७३, ‘अननोन कोलेशन’. तिथं हे घराणंच नाही.

तो अदृश्य जोडक इमोजींतही काम करतो. आई, बाबा, मुलगी, मुलगा असं एकत्र कुटुंब दिसतं ते चार इमोजी आणि मधले तीन जोडक मिळून: सात संकेत, पंचवीस बाइट. ‘नमस्कार’इतकेच संकेत. व्हारचारची लांबी संकेतांत मोजतात, पडद्यावरच्या चित्रांत नाही, म्हणून व्हारचार(५) मध्ये हे ‘एक’ चित्र मावत नाही. तिरंग्याच्या इमोजीतही दोन संकेत असतात. नेमका मध्ये कात्री चालली तर झेंडा जाऊन चौकटीतलं एक रोमन अक्षर उरतं. आणि ‘अदृश्य कचरा’ साफ करण्यासाठी यू+२००बी ते यू+२००डी काढून टाकणारी जी फंक्शनं कोडमध्ये फिरत असतात, ती एका फटक्यात कुटुंबाचे चार सुटे चेहरे करतात आणि दऱ्यांचा समुद्र.

डेटाबेस न बदलता वेळ मारून नेण्याच्या युक्त्याही आहेत. इमोजीचं एचटीएमएल रूप करून साठवायचं, म्हणजे हात जोडलेल्या इमोजीऐवजी १२८५९१ हा आकडा चिन्हांसकट. मग लांबीचा हिशेब चुकतो, शोध चुकतो आणि एसएमएसमध्ये तो आकडा जसाच्या तसा जातो. दुसरी युक्ती चार बाइटांचं काहीही आलं की गाळून टाकण्याची. इमोजी गाळले तर काय बिघडतं, असं वाटतं खरं. पण त्याच चाळणीतून ब्राह्मी, शारदा, कैथी जाते आणि जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेली मोडीही जाते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी कागदांचे ढीग आहेत. त्यांची सूची करताना कोणी मूळ शब्द मोडीतच टंकला, तर हसरे चेहरे अडवायला लावलेली चाळणी तोही अडवेल.

इतर डेटाबेसांत फार काही सांगण्यासारखं नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचं यूटीएफ८ पूर्ण आहे. फक्त डेटाबेस तयार करतानाच ते निवडावं लागतं, नंतर बदलता येत नाही. ओरॅकलमध्ये मात्र नावाचा तोच खेळ: तिथलं ‘यूटीएफ८’ इमोजीला सहा बाइटांत कोंबतं, खरं यूटीएफ-८ हवं असेल तर एएल३२यूटीएफ८ निवडायचं.

काम झाल्यावर चाचणीसाठी एक ओळ पुरते, पण ती नीट निवडलेली हवी: ‘ळ’, दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘दऱ्या’, लाल हृदय, हसरा चेहरा, चार जणांचं कुटुंब आणि मोडीचा ‘अ’. ती अ‍ॅप्लिकेशनच्या फॉर्ममधून भरावी, टर्मिनलवरून नाही. मग डम्प घ्यावा, रिकाम्या डेटाबेसात परत लावावा आणि तिथं हेक्स पाहावं. एफ०९एफ९८८० आणि एफ०९१९८८० दोन्ही सापडले पाहिजेत. मोडीच्या जागी पडद्यावर रिकामी चौकट दिसली तर टेबलाला हात लावू नये. तिथं फक्त नोटो सॅन्स मोडी हा फाँट बसवायचा राहिलाय.